आक्काच्या घरी अध्यक्षांचं पान

आमच्या सीमाभागात थंडी पडली की गावोगावी साहित्य संमेलनं सुरू होतात. ग्रंथदिंडी निघते, पोरी डोक्यावर कळशा घेतात, आणि पुण्याकडचा कुणी मोठा लेखक कोगनोळीचा नाका ओलांडून येतो. 'इथल्या मराठीनं मला रडवलं' असं सांगतो, शाल-श्रीफळ घेतो आणि दिवेलागणीच्या आत परत जातो. मी टिळकवाडीत राहणारा निवृत्त मास्तर. असली भाषणं इतकी ऐकलीत की रडू नेमकं कुठल्या वाक्याला येणार, ते मला आधीच कळतं.

माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, निपाणीजवळच्या एका खेड्यात दिलंय. तिथं अलीकडेच असं संमेलन झालं. अध्यक्ष म्हणून जे आले, त्यांची एक कादंबरी आमच्या घरात मोठी घडामोड करून गेली होती. विधवा सुनेचं लग्न सासूच पुढं होऊन लावते, अशी ती गोष्ट. आक्काचा एकुलता एक मुलगा अपघातात गेल्यावर मीच ती तिला वाचायला दिली होती.

आक्का काही देवमाणूस नव्हे. फटकळ, हट्टी. सुनेच्या आमटीत मीठ जास्त पडलं तर अख्ख्या गल्लीला कळायचं. पण कादंबरी वाचून झाल्यावर ती सुनेसाठी स्थळं बघायला लागली. चिकोडीकडच्या एका बऱ्या माणसाशी तिनं सुनेचं लग्न लावलं. सासूच्या हातनं हळद लागताना ती पोर ढसाढसा रडली, आणि आक्का तिच्यावरच खेकसत होती.

तीच कादंबरी आक्काच्या दिरानंही वाचली होती. गावच्या वाचनालयाचा हा कारभारी. त्या कादंबरीवर बोलताना त्याचा गळा दाटून यायचा, लोक टाळ्या वाजवायचे. घरात मात्र त्यानं लग्नाला उभा विरोध केला. अक्षता टाकायलाही आला नाही, आणि 'पुस्तक वाचून वैनीनं घर मोडलं' हे गावभर त्यानंच पसरवलं. एकाच पावसावर ऊसही वाढतो आणि गाजरगवतही. गाजरगवताला पावसाचं कौतुक जरा जास्तच असतं.

आक्का वरून कितीही कडक असली तरी ते बोलणं तिला लागलं होतं. संमेलनाच्या आधी तिनं मला बोलावून घेतलं.

"चुकलं काय रं माझं? ज्यानं हे लिवलंय त्याच्याच तोंडानं ऐकायचंय मला. भावजींच्या म्होरं."

अध्यक्षांचं जेवण कुणाच्या घरी, हा आमच्याकडं भाषणापेक्षा मोठा प्रश्न असतो. स्वागताध्यक्ष दीर, म्हणजे मान त्याचा. पण 'थोरलं घर माझं हाय' म्हणून आक्का हटून बसली. शेवटी दुपारचं पान तिच्याकडं ठरलं आणि दीरही पंगतीला आला.

अध्यक्षांनी तांबड्या रश्श्याची दुसरी वाटी घेतली तेव्हा आक्कानं धीर करून सगळं सांगितलं. पुस्तक, सून, लग्न. बोलताना तिचा आवाज कापत होता. तिला तसं कधी बघितलं नव्हतं मी.

अध्यक्ष हसले. "अहो बाई, ती कादंबरी होती! कल्पना असते ती. खरंच तसं करायला निघालात तर घरं राहतील का?" मग रश्श्यात भाकरी बुडवत म्हणाले, "माझीच सून बघा. मुलगा गेला आमचा. एवढी शिकलेली मुलगी, पण कधी शब्द काढला नाही. घर बघते, माझं लेखन टाइप करते. तिला काय कमी आहे?"

"ऐकलासा न्हवं, वैनी?" दीर म्हणाला. त्याचं तोंड लाडू खाल्ल्यासारखं झालं होतं.

त्या दोघांच्या पुढची ताटं ओढून घ्यावीत असं मला वाटलं. हलक्या माणसाच्या हातून चांगलं पुस्तक लिहून होतं, हे मला माहीत होतं. पण स्वतःचंच पुस्तक ज्याला कधी शिवलं नाही असा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि तो माझ्या बहिणीच्या घरात दही मागत होता. आक्का खाली मान घालून त्याला वाढत राहिली. मला वाटलं, संपलं. आता ही उरलेला जन्म स्वतःला बोल लावत बसणार.

हात धुऊन, सुपारी तोंडात टाकून अध्यक्ष खुशीत म्हणाले, "आणा तुमची ती प्रत. सही करून देतो."

आक्का देवघरातून पुस्तक घेऊन आली. कव्हर निघालेलं, पानांवर तेलाची बोटं. अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं.

"सही ऱ्हाऊ द्या सर. पुस्तकच घिऊन जावा."

"मला कशाला? माझ्याकडे ढीगभर प्रती आहेत, बाई."

"असतील की," आक्का म्हणाली. आवाज आता तिचा नेहमीचा होता. "पर तुमच्या सुनंला कुणी वाचाय दिल्यालं दिसत न्हाय. निपाणीकडच्या एका सासूनं धाडलंय म्हणून सांगा."