इवालू ओरडली तो दिवस

आमच्याकडे शहाण्या माणसाचा आवाज चढत नाही. चढला की समजायचं, हे अजून पोरच आहे. मोठ्या माणसाला "हे कर, ते करू नको" म्हणणं म्हणजे त्याची अक्कल काढणं. आमच्या बोलीत बाहेरच्या हवापाण्याला सिला म्हणतात आणि माणसाच्या अकलेचं नावही तिथूनच येतं. ज्याला बाहेरचं कळतं तोच शहाणा, असं आमची जुनी माणसं मानत आली. आणि इवालूइतकी शहाणी बाई ह्या किनाऱ्यावर दुसरी नाही, असं सगळे म्हणायचे. मी सोडून.

इवालू माझी सासू. म्हणजे पहिली. तिचा उट्टाक माझा पहिला नवरा.

वसंतात गोठलेल्या समुद्रावरून सीलच्या शिकारीला निघालेली माणसं आधी तिच्या दाराशी थांबायची. ती बाहेर यायची, ढगांकडे बघायची, नाक वर करून हुंगायची आणि पुटपुटायची, "मी असते तर अजून एक चहा घेतला असता." बस्स, एवढंच. माणसं निमूट बर्फावर पळणारी आपली मशीन बंद करायची आणि घरी जायची. शहाण्याला शब्दाचा मार!

त्या वर्षी उट्टाकलाही ती तेच म्हणाली. तो मशीनवर बसला होता, मागे घसरगाडी बांधलेली. हसला. "चहा परत आल्यावर घेऊ, आई," म्हणाला आणि गेला. मी तिच्या मागेच उभी होते. मला वाटलं, आता ही हाक मारेल. तिने हाक मारली नाही. लग्न झालेल्या पुरुषाला तीच गोष्ट पुन्हा सांगायची म्हणजे चारचौघांत त्याला बावळट ठरवायचं. मी तरी कुठे तोंड उघडलं? ती बोलत नाही तर मी कोण टिकोजीराव लागून गेले! दुपारी जमिनीकडून वारा सुटला, कडेचा बर्फ तुटला आणि उट्टाकला घेऊन समुद्रात गेला. विमानं फिरली, बोटी फिरल्या. हातमोजासुद्धा सापडला नाही.

इवालू लोकांसमोर रडली नाही. लोक म्हणाले, केवढी ही समज! तिचा मान आणखी वाढला. काय जाळायचाय तो मान, असं माझ्या मनात यायचं.

पुढे मी सोलोमोनीशी लग्न केलं. बायबलातल्या शहाण्या राजाचं नाव लावतो, पण स्वतःचा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. माणूस मात्र लाखमोलाचा. आम्हाला मुलगी झाली. गेलेल्याचं नाव नव्या बाळाला दिलं की तो माणूस त्या बाळातून परत येतो, म्हणून तिचं नाव उट्टाक. मुलगी असली तरी इवालूचा तो मुलगाच. "आलास का रे? जेवलास का लेका?" असंच ती पोरीशी बोलते, आणि पोरगी तिला आई म्हणते. मी लाडात आले की पोरीला "नवरोबा" म्हणते. सोलोमोनी कपाळावर हात मारतो, "म्हणजे ह्या घरात मी दुसराच!"

हसायचो आम्ही. पण पोरगी पाठमोरी उभी राहिली, उट्टाकसारखी एका पायावर भार टाकून, की मी हातातलं काम टाकून बघत राहायचे. एकदा, तीनेक वर्षांची असेल, इवालूच्या मांडीवर बिस्किट खात होती. खाता खाता मान वर करून म्हणाली, "तू एकदाच का बोललीस?" पोरं काहीही बोलतात. बिस्किटाबद्दल असेल, नाहीतर कशाबद्दलही. पण इवालूने तिला मांडीवरून उतरवलं, माझ्याकडे दिलं आणि उठून बाहेर गेली. बराच वेळ ती घराच्या भिंतीला पाठ लावून उभी होती.

परवाच्या वसंतात पोरगी पहिल्यांदा स्वतःच्या मशीनवर बर्फाच्या कडेपर्यंत निघाली. बरोबर चार दोस्त आणि जोआनासी, आमचा मुरलेला शिकारी. रीतीप्रमाणे सगळे इवालूच्या दाराशी थांबले. मीही गेले होते. उसनं हसू आणून उभी होते.

इवालू बाहेर आली. वर पाहिलं. मग मशीनवर बसलेल्या पोरीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा काही झाला की मी दोन पावलं मागे सरले. घरातल्या सपाता घालूनच ती बर्फात धावली आणि तिने हँडल धरलं.

"जाऊ नकोस!"

पोरगी गोंधळली. "आई, अगं हळू. लोक बघतायत."

"बघू देत मेले! जाऊ नकोस म्हणते ना! उतर खाली! ऐकू येत नाही तुला? उतर!"

आवाज पार फाटला होता. मशीनची किल्ली ओढून काढून तिने मुठीत दाबली. माणसांनी माना खाली घातल्या. जोआनासी हळूच म्हणाला, "साठी बुद्धी नाठी, दुसरं काय!" एका पोराला हसू आवरेना. माझी पोरगी लालबुंद झाली, पण उतरली, घरी गेली आणि दार धाडकन आपटून बसली. बाकीचे गेले.

दिवसभर वाऱ्याची झुळूक नाही. संध्याकाळी सगळे सुखरूप परतले, घसरगाड्या सीलनी भरलेल्या, चेहरे उन्हाने रापलेले. इवालूचा वाटा दारात ठेवून गेले, आत कोणी डोकावलं नाही. दुसऱ्या आठवड्यात शिकारीला निघालेले लोक तिच्या दारावरून तसेच पुढे गेले. म्हातारीचं डोकं फिरलं, हे गावभर झालं.

मी तणतणत तिच्याकडे गेले. "पोरीची लाज काढलीस! दोस्तांना तोंड दाखवत नाही ती. आणि वारा येणार नव्हता, एवढंही तुला कळलं नाही?"

"कळलं होतं की," ती शांतपणे म्हणाली. ती जमिनीवर बसून मांस कापत होती. "ढग पाहिल्या पाहिल्या कळलं. दिवस चांगलाच जाणार होता."

"मग का ओरडलीस?"

तिने सुरी बाजूला ठेवली. "त्याला बसलेलं पाहिलं आणि मला राहवेना. बघावं म्हटलं, 'जाऊ नकोस' माझ्या तोंडून निघतं का. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, मी ओरडणारी बाई नव्हे, तेव्हा ओरडणं माझ्याच्याने झालंच नसतं. त्या एका समजुतीवर तर जगले."

भांडण करायला आले होते, तिच्या शेजारी बसले.

"निघालं गं," ती म्हणाली. "काहीसुद्धा लागत नाही ओरडायला. नुसतं तोंड उघडायचं. आणि उतरला की नाही तो? चिडला, पण उतरला. तेव्हाही उतरला असता."