आईचे ट्यूलिप

मिरज स्टेशनवर निरोप देताना आईने एकच गोष्ट बजावली होती, "थंडीत कानाला काहीतरी बांध गं." इंजिनिअर झालेल्या, परदेशी नोकरी मिळवलेल्या लेकीला हा उपदेश! मी हसून गाडीत चढले. नेदरलँड्समधल्या पहिल्याच हिवाळ्यात मुकाट्याने लोकरीची टोपी घेतली.

पुढे आई तीन महिन्यांसाठी म्हणून फोरबर्गला माझ्याकडे आली आणि लॉकडाऊनमध्ये अडकली. बाबा मिरजेला एकटे. माझं ऑफिस डायनिंग टेबलावर, दिवसभर मीटिंगा. "इथे माझ्या हातून काही म्हणता काही होत नाही," ती म्हणायची, आणि ते मला फार लागायचं. नुसतं अडकून पडल्याची आठवण घेऊन तिने परत जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

म्हणून नवरात्राच्या तोंडावर मी सुपरमार्केटमधून ट्यूलिपचे कांदे आणले. मी कॉलवर असताना आईने ते कुंडीत लावले आणि कुंडी थेट घटाशेजारी मांडली. समोर अखंड दिवा, मागे हीटर, रोज पाणी. घटातलं धान वीतभर वाढलं, कांदे ढिम्म! शेवटी शेजारच्या डच आजींना आमच्या मोठ्या खिडकीतून ती कुंडी दिसली. त्या रस्त्यावरूनच हातवारे करत ओरडल्या, "बाउटन! बाउटन!" म्हणजे बाहेर ठेवा. थंडी खाल्ल्याशिवाय यांना फूल येत नाही, हे मी आईला समजावलं.

"अगंबाई, इवल्याशा जिवांना गारठ्यात ठेवायचं?" आई कळवळली. पण दसऱ्याला कांद्यांचंही सीमोल्लंघन झालं. मग रोज सकाळी स्वेटरवर माझं जाकीट चढवून ती मागच्या बागेत. पडलेली पानं झाडायची, कुंडीत पाणी साचलंय का बघायची. बर्फ पडला तेव्हा कुंडीला शाल गुंडाळायला निघाली होती, मी कशीबशी थोपवली.

कोंब दिसले आणि तिला तिकीटही मिळालं. फुलांसाठी ती थांबली नाही. "फुलं गेली तरी पानं कापू नकोस हं, पिवळी होऊ देत," डच आजींनी हातवाऱ्यांनी शिकवलेला हा धडा विमानतळावर मला देऊन गेली.

एप्रिलमध्ये कुंडी लालभडक झाली. मी व्हिडिओ कॉल लावला. आई फोन घेऊन तडक कंपाउंडपाशी गेली, पलीकडच्या काकूंना दाखवायला.

"हॉलंडची का हो ही फुलं?"

"हॉलंडची कसली? माझ्या घरची आहेत!"

फोरबर्गचं घर घेऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पण ते मला माझं वाटायला लागलं, ते आईने त्यावर असा हक्क सांगितला तेव्हापासून.