तो वजीफा त्यानंच जिंकला

आमच्या कळंबात अजूनही एक गोष्ट सांगितली जाते. निजामाच्या काळात जिल्ह्यातल्या एकाच मुलाला हैदराबादला शिकायला वजीफा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती मिळायची होती. शेवटी दोघं उरले, एक पाटलाचा आणि एक मुसलमान शिंप्याचा. राज्य त्यांचं, म्हणून शिंप्याच्या मुलाला वजीफा मिळाला, अशी ती गोष्ट.

त्यातला पाटलाचा मुलगा मी. गोष्ट खोटी आहे. मी ती रचली नाही, पण माझ्यासमोर सांगितली गेली तेव्हा गप्प बसलो, आणि त्या गप्प बसण्यानंच ती पक्की झाली. त्या परीक्षेच्या खोलीत काय घडलं हे पाहिलेलं आता माझ्याशिवाय कुणी हयात नाही. म्हणून लिहितो. आणि एक सांगतो: तसली दुपार मी पुन्हा पाहिली नाही.

आमची शाळा उर्दूतली. घरी मराठी, शाळेत उर्दू, आणि इंग्रजी यायची तीसुद्धा उर्दूचा हात धरून. त्यात 'इनफ' या शब्दानं आम्हा सगळ्यांना रडवलं. मराठीत 'पुरेसं पाणी' म्हणतात आणि 'पुरेसा मोठा'सुद्धा म्हणतात. उर्दूतही 'काफी' पुढंच येतो. इंग्रजाचं तसं नाही. 'इनफ वॉटर' म्हणायचं, पण मोठा म्हणायचं झालं की 'बिग इनफ'. आम्ही 'इनफ बिग' लिहायचो आणि मास्तरांची पट्टी हातावर बसायची. मास्तरांनी नियम दिला होता: इस्माच्या आधी, सिफतीच्या नंतर. इस्म म्हणजे नाम, सिफत म्हणजे विशेषण. मी तो पहिल्याच दिवशी पाठ केला आणि मोकळा झालो. माझ्या मित्राला, म्हणजे त्या शिंप्याच्या मुलाला, मात्र ते पटेना. असं का, म्हणून त्यानं मास्तरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की ते इंग्रजांना विचार.

त्या वर्षी चैत्रात तो आमच्या गाडीतून येरमाळ्याच्या जत्रेला आला. चुन्याचे खडे वेचायची तिथली रीत झाली, देवीला निवद गेला आणि झाडाखाली आमच्या भावकीची पंगत पडली. पंगतीची व्यवस्था माझ्या चुलत्यांकडं असायची. त्यांची एक सवय चार गावांत माहीत होती. पंगत बसायच्या आधी ते प्रत्येक भांड्यावरचं झाकण स्वतः उचलून पाहायचे. भात पुरंल, पोळ्या पुरतील, असं मोठ्यानं सांगूनच लोकांना बसवायचे. मग पहिला घास झाला की पानापानाशी थांबून विचारायचे, तिखट पुरंसं हाय का, आंबट पुरंसं झालंय का. बसायच्या आधी चवीचं कधी विचारायचे नाहीत आणि घास घेतल्यावर भाताचं कधी काढायचे नाहीत. मी हे जन्मापासून बघत होतो. माझ्या मित्रानं ते पहिल्यांदाच पाहिलं. हातातला घास तसाच धरून त्यानं माझं मनगट पकडलं.

"अरे, सापडलं मला," तो म्हणाला. "इनफ कुठं बसतो ते सापडलं."

मी म्हणालो, "आधी जेव. आमटी गार व्हायली."

लेखी परीक्षेत आम्ही दोघंच उरलो तेव्हा तोंडी परीक्षेसाठी धाराशिवला बोलावणं आलं. आम्ही मोटारीच्या टपावर पोत्यांच्या मधे बसून गेलो. माझ्या अंगात वडिलांचा कोट, त्याच्या अंगात त्याच्या वडिलांनी रात्रंदिवस बसून शिवलेली नवी शेरवानी. वाटेत धूळ एवढी की उतरताना दोघं एकाच रंगाचे झालो होतो. वजीफा त्याला मिळाला नाही तर त्याला दुसऱ्या दिवसापासून मशीनवर बसायचं होतं. मला नाही मिळाला तरी आमची जमीन होती. हे दोघांनाही माहीत होतं.

परीक्षा घ्यायला हैदराबादहून एक साहेब आले होते. दोघांनाही त्यांनी एकाच खोलीत बसवलं. वाचन घेतलं, भाषांतर घेतलं, पण आमच्यात फरक काही दिसेना. तेवढ्यात चपराशी चहा घेऊन आला. म्हातारा, इथलाच, दाढी मेंदीनं रंगवलेली. साहेबांनी त्याला थांबवलं आणि आम्हाला उर्दूत सांगितलं की याला इंग्रजीचं अक्षर येत नाही. 'इनफ' शब्दाच्या पुढं, म्हणजे आधी, लावायचा की मागं, एवढंच त्याला समजावा. मग मी त्याला शब्द देईन. त्याचं बरोबर आलं तर तुमचं बरोबर.

माझी पाळी पहिली. मला तर आनंदच झाला, नियम तोंडपाठ होता. मी ऐटीत इस्म आणि सिफत सांगितलं, पुन्हा सांगितलं, उदाहरणं दिली. म्हातारा मान हलवत राहिला. साहेबांनी विचारलं, पाणी? तो म्हणाला, मागं. गरम? तोही म्हणाला, मागं. मग माझ्याकडं बघून त्यानं घाईघाईनं दोन्ही पुढं केले. साहेब हसले नाहीत. त्यांनी नुसती मान वळवली.

मित्र उठला. त्यानं म्हाताऱ्याला आधी स्टुलावर बसवलं.

"चाचा, तुमच्या घरी लग्नाचं जेवण आहे. भात पुरेल का, हे कधी बघता?"

"लोगां बैठने के पहले. बाद में देखे तो इज्जत गई ना."

"आणि मीठ पुरेसं पडलं का, ते?"

"वो तो जबान पे रखने के बाद."

"झालं. लोक बसायच्या आधी जे मोजून बघता, त्याच्या पुढं इनफ. जे अनुभव घेतल्यावरच कळतं, त्याच्या मागं."

साहेब पुढं सरकून बसले. पाणी? पुढं, म्हातारा म्हणाला, घागरी पहले देखना. गरम? मागं, हात लावल्यावर. वेळ? पुढं. साहेबांनी जरा थांबून त्याला अडकवायला विचारलं, कोट मोठा आहे का, यातलं मोठा?

म्हाताऱ्यानं विचार केला. आम्ही तिघंही त्याच्या तोंडाकडं बघत होतो, मीसुद्धा. माझा वजीफा जात होता, आणि तरी त्याचं बरोबर यावं असं मला वाटत होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

"मागे, साब," तो म्हणाला. "पहने बगैर कैसा मालूम होता?"

साहेबांनी टेबलावर हात आपटला. मग तेच शब्द भराभर विचारत सुटले आणि म्हातारा भराभर सांगत सुटला. गोड, लांब, पैसा, जागा, जुना. एकही चुकला नाही. चहा थंड झाला. निकाल तिथंच कळला होता.

परतीच्या वाटेवर मी स्वतःला समजावत होतो. म्हातारा माझ्या वेळी नवखा होता, दुसऱ्या वेळी तयार झाला होता. शिवाय ती पंगत आमची, चुलते आमचे. घरी गेलो तर चुलते ओट्यावर चारचौघांत बसले होते. काय झालं म्हणाले. मी म्हणालो, त्याला मिळाला.

"त्यांचंच राज्य हाय," कुणीतरी म्हणालं. "दुसरं काय व्हनार?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी चहाची बशी तोंडाला लावली.

पुढच्या सुट्टीत तो हैदराबादहून आला तेव्हा ही गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. मला त्यानं बाजारात गाठलं. भांडला नाही. मी त्याला म्हणालो की लोक काहीबाही बोलतात, मनावर घेऊ नकोस.

"लोकांचं सोड," तो म्हणाला. "माझे वडील मला विचारतात, खरंच तसं मिळालं का रे. मी सांगितलं तर बापाला पोराचं कौतुक वाटणारच, पण शंका जाणार नाही. तू एकदा दुकानात ये आणि सांग."

मी येतो म्हणालो. गेलो नाही. पुढच्या वर्षी त्याचे वडील वारले.

तो शिक्षक झाला, मीही झालो. भेटायचो, बोलायचो, त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. दुकानात जाऊन जे सांगायचं होतं ते असं: चाचा, तुमच्या मुलाला कुणी काही दिलं नाही. तुम्ही शिवलेली शेरवानी घालून तो उभा राहिला, एका म्हाताऱ्याला त्यानं चहा थंड होईपर्यंत इंग्रज करून दाखवलं, आणि मी शेजारी बसून ते पाहिलं. तुम्ही तिथं असायला हवं होतं.