भिंतीवरचे चाळीस चौकोन

दि. ९ डिसेंबर २०२३, शनिवार. सकाळी सात वाजता गेट उघडले. बाहेरच्या भिंतीवर खडूचे चौकोन, आत आकडे, एक ते चाळीस. कोणी विचारले नाही. दोन बादल्या पाण्याने धुतले.

वनमालाबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि १९९८ची डायरी काढली. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावलेली रोज चार ओळींची सवय पंचाहत्तरी उलटली तरी सुटली नव्हती. त्या वर्षी चौबे कॉलोनीतल्या याच घराच्या भिंतीवर गेरूने आकडे पडले होते. नुसती नोंद आहे, असं शेखररावांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, सांगण्यात आलं. आठवड्यात सडक रुंद करायला चार फूट जागा गेली, प्राजक्तासकट. मग शेखररावांनी समोर उभं राहून ही नवी भिंत बांधून घेतली. आता ते नव्हते. भिंत होती.

रविवारी चौकोन पुन्हा उमटले. बाईंनी पुन्हा धुतले. शेजारचे गंगाधरराव म्हणाले, भिंतींवर कॉलोनीतल्या माणसांची चित्रं निघणार आहेत, मीटिंगमध्ये ठरलं. गुडघ्यांमुळे बाई मीटिंगला गेल्या नव्हत्या. गंगाधररावांना एवढं सगळं कसं ठाऊक, हाही संशय त्यांनी मनात टिपून ठेवला.

सोमवारी सहापासून त्या गेटमागे खुर्ची टाकून बसल्या. खडू आणि दोरी घेऊन एक पोट्टी आली.

"काहून मोजून राहिली माझी भिंत?"

"आजी, आप ही धो रही हैं क्या?"

पोरीचं नाव ईरा. तिला मराठी कळायचं, बोलायची मात्र हिंदीतच. तिने वहीएवढा कागद पुढे केला. त्यावर एक चेहरा होता आणि त्यावरही चाळीस चौकोन, तेच आकडे. कागदावरच्या एकेका चौकोनात जे आहे, ते भिंतीवरच्या त्याच आकड्यात मोठं करायचं, म्हणजे चेहरा बिघडत नाही, असं तिने समजावलं.

बाईंनी पोरीला दिसू नये असा कागद स्वतःकडे वळवून धरला. "सतरा नंबरात काय?"

"एक आँख."

बरोबर होतं. मग बाईंनी चेहरा नीट पाहिला. कलावती. वीस वर्षं याच भिंतीला टेकून लाल भाजी विकणारी, मागच्या वर्षी गेलेली. आधार कार्डावरच्या पुसट फोटोवरून काढली, ईरा म्हणाली.

"अठ्ठावीसमध्ये तीन ठिपके पाहिजे," बाई म्हणाल्या. "हनुवटीवर गोंदण होतं तिच्या."

ईराने लगेच ठिपके दिले. तरी बाईंनी डायरी पुढे सरकवली. "लिही, चित्राशिवाय या भिंतीले हात लावणार नाही. खाली सही. बापाचं नावही."

पोरीने हसत हसत लिहिलं. बाईंनी तिचं ओळखपत्र मागून सही दोनदा ताडून पाहिली.

संध्याकाळची नोंद: भिंत धुतली नाही. बादलीची कडी निसटली आहे, उद्या नवी बसवून घेणे.