न उघडलेलं चाक

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. चुका नोकरीत सगळ्यांच्याच होतात. पण ही चूक महिनाभर माझ्या खोलीच्या खिडकीसमोर, ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली उभी होती आणि मी रोज तिच्याकडे पाहत चहा पीत होतो.

छत्तीसगड वेगळं व्हायच्या आधीची, मध्य प्रदेशाच्या काळातली गोष्ट आहे. भिलाईतल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सेक्टरांमध्ये स्कूटरींच्या गर्दीत नव्या छोट्या मोटारी नुकत्याच कुठे दिसायला लागल्या होत्या. स्टील प्लांटच्या मेंटेनन्समधून निवृत्त झालेले एक फोरमन बायकोला घेऊन अहिवाऱ्याहून परत येत होते. भर दुपार, रस्ता कोरडा. नाल्याच्या उतारावर चुनखडीचा एक ट्रक बंद पडून उभा होता. त्यांची गाडी सरळ त्याच्या मागे जाऊन आदळली. डावीकडे बसलेली बायको जागच्या जागी गेली. फोरमनच्या कपाळाला चार टाके पडले.

ते मूळचे भंडाऱ्याकडचे, माझ्याच भागातले. मी त्यांना समोर बसवलं, पाणी दिलं. चौकशीला तोंड फोडायचीही गरज पडली नाही.

"माझीच चूक आहे साहेब," ते म्हणाले. "लिहून घ्या. मीच मारलं तिले."

"काका, डोळा लागला होता का? काही घेतलं होतं?"

"नाही जी. ब्रेक लागला नाही. पण चूक माझीच हाय."

याच्यापुढे एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी आली, राजनांदगावला दिलेली, एकुलती एक. बाप बाकावर बसलेला असताना तिनं माझ्यासमोर बयान दिलं. "आई महिन्याभरापासून म्हणत होती, गाडीतून कायचा तरी आवाज येऊन राहिला, कोणाले तरी दाखवा. यायनं ऐकलं नाही. आता मले ना माय राहिली, ना बाप." ती बापाकडे न बघता निघून गेली. ते बसल्या जागी हात चोळत राहिले. हलगर्जीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल कलम तीनशे चार-अ खाली होणाऱ्या शिक्षेची त्यांना काहीच फिकीर नव्हती. पोरगी निघून गेली, तिथंच ते संपले होते.

अपघातातल्या गाडीची यांत्रिक तपासणी करावी लागते. ही नवी गाडी कळणारा मिस्त्री तेव्हा शोधून सापडत नव्हता. फोरमननी गाडी ज्या शोरूममधून घेतली होती, तिथल्याच वर्कशॉप मॅनेजरला मी बोलावलं. त्यात मला काही वावगं वाटलं नाही, यातच सगळं आलं! तो आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, माझ्यासोबत चहा प्याला आणि लिहून दिलं: ब्रेक व्यवस्थित, चालकाचा हलगर्जीपणा. सोबत गाडीच्या वाढीव वॉरंटीचं पुस्तक होतं. शोरूमनं जादा पैसे घेऊन दिलेली, आणखी दोन वर्षांची हमी. त्यात सर्व्हिसचे तीन शिक्के. प्रत्येक शिक्क्यापुढे 'ब्रेक उघडून तपासले'.

माझा हवालदार म्हणाला, "सर, त्यानं जॅक तर लावलाच नाही."

"तुला लई कळतं," मी म्हटलं. "चालान तयार कर."

आरोपी स्वतः कबूल, वरून तज्ज्ञाचा अहवाल. मला आणखी काय पाहिजे होतं?

चालान, म्हणजे दोषारोपपत्र, न्यायालयात जायच्या आठवड्यात एक म्हातारा सायकल चोरीची तक्रार घेऊन आला. त्याच शोरूमचा चौकीदार. तक्रार लिहून झाल्यावर आवारात तो त्या गाडीपाशी थबकला. चाकाकडे बोट दाखवून म्हणाला, "साहब, ए गाड़ी के चक्का तो कभू खुलेच नइ हे."

चाक कधी उघडलंच नाही? मी खाली वाकलो. पुस्तकात एक नियम होता: बाहेरच्या कोणी हात लावला तर वॉरंटी रद्द. ते कळावं म्हणून शोरूमवाले गाडी देतानाच चाकांच्या नटांवर लाल रंगाचा पट्टा ओढत. नट फिरला की पट्टा तुटतो. त्यांनी स्वतः चाक उघडलं तर नवा पट्टा पिवळा ओढत, हे मला चौकीदारानं सांगितलं. पंक्चर झालं तरी आम्हालाच बोलवा, असा त्यांचा थाट. आणि चाक काढल्याशिवाय ब्रेक दिसत नाही. चारही चाकांवरचा मूळ लाल पट्टा अखंड होता, वर धुळीचा थर. म्हणजे तीन सर्व्हिस खोट्या, आणि माझ्या देखत झालेली तपासणीही खोटी. माझं डोकं सणकलं, आधी मॅनेजरवर, मग माझ्यावर.

दुर्गहून आरटीओचे निरीक्षक बोलावले, पंच उभे केले, चाकं उघडली. पुढच्या ब्रेकचे पॅड पार झिजून गेले होते, लोखंडावर लोखंड घासत होतं. वर्कशॉपचा मिस्त्री अर्ध्या तासात बोलला. "सर, मैनेजर बोलते थे, वारंटी की गाड़ी धो के दे दो, ठप्पा मार दो." मॅनेजर मात्र शेवटपर्यंत ऐटीत होता. म्हणाला, "कस्टमर खोल के थोड़े ही देखता है, साहब." माझा हात उठला होता, हवालदारानं धरला म्हणून बरं. पुढे त्या दोघांना शिक्षा झाली. मालकानं 'मला काही माहीत नव्हतं' म्हणून हात झटकले आणि तो सुटला.

फोरमनवरचं प्रकरण बंद करायचा अहवाल मी लिहिला आणि त्या दिवशी बापलेकीला दोघांनाही बोलावलं. मला वाटलं होतं, आज तरी काही बरं बघायला मिळेल. मी मुलीला सगळं समजावून सांगितलं. ती रडली. मग उठून बापाजवळ गेली आणि विचारलं, "बाबा, तुमाले तर उघडता येत होतं नं? जिंदगीभर मशीनी उघडल्या तुमी. मग उघडलं कावून नाही?"

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "पाना घेतला होता बाई हातात. दोन डाव. मंग वाटलं, रंग तुटन, वॉरंटी जाइन. वरून त्यायचा शिक्का होता, उघडून पाह्यलं म्हणून. प्लांटात मी उघडल्याबिगर कधी सही नाही केली. मले वाटलं, सारेच तसे करत असतीन."

मुलीनं त्यांच्या दंडाला धरलं आणि घेऊन निघाली. दारात ते थांबले, माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, कागदावर तुमी मले सोडलं. पण आवाज तर मी आयकला होता."

पुढच्या सगळ्या नोकरीत मी कुठल्याही तज्ज्ञाच्या अहवालावर सही करायच्या आधी स्वतः जाऊन वस्तू पाहत आलो; कनिष्ठ कंटाळायचे, मागून हसायचेही. हसू देत. शिक्का होता म्हणून त्या माणसानं चाक उघडलं नाही, आणि त्याची कबुली होती म्हणून मीही उघडलं नाही. त्यानं त्याची चूक पहिल्या दिवशीच सांगून टाकली होती. मी माझी त्याला कधीच सांगितली नाही.