सरळ केलेला ओठ

हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे वाफेवर निर्जंतुक करायचं मोठं मशीन होतं. ते चालवणाऱ्या बाईला सगळे वाफमावशी म्हणत. दिवसातून चार फेऱ्या. तीन फेऱ्यांत पुढचे ट्रे लावण्यातच जीव जायचा. चौथीला मात्र दार आवळलं की अठरा मिनिटं हात रिकामे. तिच्या मालकीचा वेळ तेवढाच. घरी नवरा पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेला, त्याला भरवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं.

त्या अठरा मिनिटांत ती चित्रं काढायची. कुणी शिकवलं नव्हतं. जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठी आणि बोटभर पेन्सिल, एवढंच सामान. पहिलं वर्ष कात्र्यांतच गेलं.

"मावशी, ही कात्री आहे की लंगडा बगळा?" वॉर्डातली सिस्टर पोट धरून हसली. पण कानमंत्रही तिनंच दिला. "कागदाकडे कमी बघा, वस्तूकडे जास्त. आणि रोज एकच वस्तू."

मावशीनं ते मनावर घेतलं. दुसऱ्या वर्षी कात्री कात्रीसारखी दिसायला लागली. तिसऱ्या वर्षी स्वतःचा डावा हात जमला, अंगठ्याच्या चिरेसकट. मग चेहऱ्याचा ध्यास लागला. न हलता पडून राहणारा चेहरा तिच्याजवळ एकच होता.

रविवारी दुपारी नवऱ्याचा डोळा लागला की ती उशाशी बसायची. तो खोकला की कागद बाजूला, कण्हला की पुन्हा बाजूला. एका चेहऱ्याला पाच रविवार लागले. पाचव्या रविवारी तिनं कागद लांब धरला आणि तिचा स्वतःवरच विश्वास बसेना. हुबेहूब! तो जागा झाल्या झाल्या तिनं कागद पुढे केला.

"अहो, बघा तरी!"

त्यानं बराच वेळ बघितलं. "हा कोण?" जड जिभेनं त्यानं विचारलं.

"तुम्हीच की."

आजारपणानंतर त्याच्या नजरेला आरसा पडू नये याची काळजी तिनंच घेतली होती. आनंदाच्या भरात तेच विसरली. कागदावर उजवा गाल रिकाम्या पिशवीसारखा लोंबत होता, ओठाचं टोक खाली ओघळलं होतं.

"असा... दिसतो मी?" म्हणत त्यानं डावा हात तोंडावर घेतला आणि हुंदके द्यायला लागला.

"नाही हो! माझाच हात कच्चा आहे. चुकलंय माझं," ती घाईनं म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदाच तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं खोडरबर घेतलं. ओठ सरळ केला, गाल भरला, आणि कागदावर एक अनोळखी माणूस तयार झाला.

"आता?"

"हां. हा मी."

ते चित्र त्यानं समोरच्या भिंतीवर लावायला लावलं. आल्यागेल्याला तो कौतुकानं दाखवतो. लोकही वाखाणतात. ती त्या भिंतीकडे बघत नाही. चौथ्या फेरीला नुसती बसून राहते. सिस्टरनं विचारलं तेव्हा "नाही जमत मला," एवढंच म्हणाली.

परवा रविवारी दुपारी नवऱ्यानं फर्माईश केली, "आता मला... चालताना काढ."

"वेळ कुठंय हो मला," ती म्हणाली.

त्या दुपारी तिला कसलंच काम नव्हतं.