न्या म्हणणारी खोली

मासूमाआपांना ओळखणारे नाशकात पुष्कळ आहेत, पण त्यांचं काम एका वाक्यात सांगणारा मला अजून भेटलेला नाही. त्या डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत, सुईणही नाहीत. जुन्या नाशकात त्या ब्लाउज शिवायच्या. दुसऱ्या बाळंतपणात एका खासगी दवाखान्यात त्यांना एकटं ठेवलं. ओरडल्या म्हणून कुणीतरी मांडीवर चापट मारली. शुद्धीवर आल्या तेव्हा कळलं, बाळ गेलंय, आणि पुढे मूल होऊ नये म्हणून ऑपरेशनही उरकलंय. सही नवऱ्याची घेतलेली. इसाकभाईंना तरी कुठे कळलं होतं कशावर सही करतोय ते!

“मला कुणी विचारलंच नाही,” एवढंच आपा सांगतात.

त्यातून आमची ‘सोबत’ उभी राहिली. पंचवटीत भाजी विकणाऱ्या, जुन्या नाशकात शिवणकाम करणाऱ्या, आणि माझ्यासारख्या डोंगराकडच्या बायका. बाळंत होणाऱ्या बाईजवळ पहिल्या कळेपासून थांबायचं, पाठ चोळायची, आणि तिच्या अंगाला हात लावण्याआधी तिला विचारतायत ना, हे बघायचं. मूल हवं की नको, कधी, कुठे, हे तिनं ठरवायचं. शहरातले लोक याला डूला म्हणतात. आम्ही सोबतीण म्हणतो.

मी प्रतिभा, हरसूलची. गेल्या भाद्रपदात वरच्या पाड्यावर सोमनाथच्या घरी सोबतीला जायची माझी पाळी होती. त्याची बायको पूजा, दिवस भरलेले, पहिलंच बाळंतपण. घर डोंगराला टेकून बांधलेलं. मागची खोली बाळंतिणीसाठी सारवून ठेवली होती. तिथे पूजाजवळ बसले आणि भिंतीच्या आतून श्वास ऐकू आला. कळ येऊन गेल्यावर बाई तोंडानं सोडते ना, तसा लांब श्वास. त्या भिंतीमागे डोंगराची माती, दुसरं काही नाही.

पूजानं माझा हात घट्ट धरला. “ताई, तुमालाबी येतंय ना ऐकू? मला वाटलं, मलाच येतंय.”

मी खाली उतरले ती पळतच. आपांना फोन केला. म्हटलं, दुसरी कुणी पाठवा, मी त्या घरात जाणार नाही. आपा रागावल्या नाहीत. “कुणालाच एकटीला पाठवत नाही,” म्हणाल्या. “मी येते. तू दारापर्यंत चल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वर गेलो. धुकं असं बसलं होतं की नागलीचं शेत पायाशी आल्यावरच दिसायचं. जीप रस्त्यावरच थांबवली. पूजाला सकाळपासून कळा सुरू होत्या. सोमनाथ ओटीवर डोकं धरून बसला होता. त्याची आई धोंडाबाई मागच्या खोलीच्या दारात आडवी उभी.

“पोरगी हितंच बाळंत व्हईल. माझी समदी हितंच झाली.”

“मावशी, मला तिच्याजवळ बसू तरी द्या,” आपा म्हणाल्या आणि आत गेल्या. दारापर्यंत चल म्हणाल्या होत्या, पण मीही मागोमाग गेले.

श्वास चालूच होता. आपांनी भिंतीला तळहात लावला. लगेच काढला, पुन्हा लावला. मग मला खूण केली. पावसाळ्यातली मातीची भिंत, पण ती ऊबदार होती. माणसाच्या पाठीसारखी.

“वारा हाय तो,” धोंडाबाई म्हणाली. बाहेर पान हलत नव्हतं.

आपांनी पूजाला विचारलं, “तुला कुठे बाळंत व्हायचंय?”

पूजानं सासूकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, “दवाखान्यात.”

“नाय जायचं!” धोंडाबाई ओरडली. तिचा आवाज विरतो न विरतो तोच भिंतीतून दुसरा आवाज आला. बारीक, थकलेला.

“न्या... न्या मला.”

सोमनाथ दारात येऊन गुडघ्यावर बसला. “आये, ही मंजुळा हाय.”

मंजुळा त्याची पहिली बायको. याच खोलीत बाळंतपणात गेलेली. तेव्हा सोमनाथ दिंडोरीकडे द्राक्षबागेत छाटणीला होता. परत आल्यावर आईनं सांगितलं, अचानक झालं, कुणाच्या हातात नव्हतं. तेव्हापासून त्या घरात मंजुळाचं नाव काढायची बंदी होती.

“ती न्या म्हणत व्हती?” सोमनाथनं विचारलं.

धोंडाबाई भिंतीपासून लांब सरकत दाराशी खाली बसली. “म्हणत व्हती. रातभर, दिसभर. म्या नाय नेली.” मग आपांकडे वळून जोरात म्हणाली, “मी तरणी व्हते तवा शिबिरात नेलं मला. तपासतो म्हणले आन् आपरेशन केलं. कुणी इचारलं नाय. अजून एक पोर पायजे व्हतं मला. त्यांच्या हातात सून देऊ?”

आपांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या धोंडाबाईसमोर जमिनीवर बसल्या. “मावशी, माझंही तसंच केलं. तेव्हा तुमच्याजवळ कुणी नव्हतं, माझ्याजवळही नव्हतं. हिच्याजवळ मी आहे. तिला विचारल्याशिवाय कुणी हात लावणार नाही.”

धोंडाबाई दारातून बाजूला झाली. हो म्हणाली नाही.

निघताना आपा भिंतीकडे तोंड करून, शेजारणीशी बोलावं तशा म्हणाल्या, “मंजुळा, हिला नेतोय आम्ही.”

श्वास थांबला. ती शांतता मला आवाजापेक्षा जड गेली.

उतारावर धुक्यात पूजाचं एक कोपर आपांनी धरलं होतं, दुसरं मी. सोमनाथ पुढे वाट दाखवत होता. मध्येच कळ आली, पूजा वाकली आणि म्हणाली, “पाठीवर हात कोणाचा हाय? बरं वाटतंय.”

मी वळून बघायला लागले.

“असू दे,” आपा म्हणाल्या. “चाल तू.” त्यांनी मागे पाहिलं नाही, मलाही पाहू दिलं नाही. जीपचं दार बंद केल्यावर पूजा म्हणाली, “गेला हात.”

दवाखान्यात आपा तिच्या उशाशी उभ्या राहिल्या. प्रत्येक वेळी आधी सांगा, मग हात लावा, असं शांतपणे म्हणत राहिल्या. एक नर्स वैतागली, पण सांगू लागली. मुलगी झाली. दुसऱ्या मुलाचं इतक्यात नको, तांबी बसवा, हे पूजानं स्वतः सांगितलं. सोमनाथ शेजारी होता. त्यानं मान हलवली.

दोन दिवसांनी धोंडाबाई आली. वॉर्डच्या दारातच उभी राहिली. बाळाकडे पाहिलंही नाही.

“तुला इचारलं का त्यांनी?”

“हो,” पूजा म्हणाली. “दर टायमाला.”

म्हातारी तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

आता कुठल्याही घरात गेलो की आपा आधी विचारतात, इथे बाळंतपणात कुणी गेली का, तिचं नाव काय. लोक चपापतात, मग सांगतात. एकदा स्टँडवर बसची वाट बघताना मी त्यांना विचारलं, तुम्हाला त्या दिवशी भीती नाही वाटली?

“वाटली ना. अजून वाटते,” त्या म्हणाल्या. “पण ती काही चुकीचं मागत नव्हती.”

पूजाची मुलगी आता रांगते. मागच्या खोलीत धोंडाबाईनं स्वतःचं अंथरूण नेलंय. दुपारी ती भिंतीला पाठ लावून बसते आणि हळू आवाजात बोलत राहते. मध्ये थांबते, ऐकल्यासारखी मान हलवते, पुन्हा बोलते. पूजा म्हणते, मला तर आता तिथे काहीच ऐकू येत नाही.